खान्देशच्या उन्हाला तोंड देणारी लिथियम बॅटरी: हायब्रिड घन इलेक्ट्रोलाइट बनवण्यापासून कॉइन सेल तपासण्यापर्यंत

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांना टेकतो, कधी ओलांडतोही. हे तापमान सावलीतलं. उन्हात उभ्या असलेल्या ई-रिक्षाच्या सीटखालचा बॅटरीचा डबा किंवा सौर पंपाच्या खांबावरची लोखंडी पेटी याहून बरीच तापते. आज बाजारात मिळणाऱ्या लिथियम-आयन सेलमध्ये जो द्रव इलेक्ट्रोलाइट (दोन इलेक्ट्रोडांमध्ये आयन वाहून नेणारा पदार्थ) असतो, त्याला नेमकी हीच उष्णता सोसत नाही. त्यातलं लिथियम हेक्साफ्लुओरोफॉस्फेट हे मीठ ६० अंशांच्या पुढे लवकर विघटित होऊ लागतं, आणि ओलाव्याचा अंश सापडला तर हायड्रोफ्लुओरिक आम्ल तयार होतं. द्रावक ज्वलनशील असतात ते वेगळंच.

घन आणि हायब्रिड इलेक्ट्रोलाइटवर काम करायला खान्देशइतकी योग्य जागा शोधून सापडणार नाही, असं मला मनापासून वाटतं. जो पॉलिमर इलेक्ट्रोलाइट २५ अंशांच्या वातानुकूलित प्रयोगशाळेत सुस्त वाटतो, तो ४५ ते ६० अंशांत जिवंत होतो. उन्हाळा इथे द्रव सेलचा शत्रू आहे, पण पॉलिमर सेलला तो मदत करतो. जळगाव, धुळे, शिरपूर, अमळनेर, नंदुरबार इथल्या एम.एस्सी., पीएच.डी. किंवा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना डोळ्यांसमोर ठेवून हा लेख लिहिला आहे. एक हायब्रिड फिल्म, तिच्यावर एक नाण्याएवढा सेल आणि त्याची प्रामाणिक तपासणी, एवढा पल्ला यात गाठू.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. हे घरी करायचं काम नाही. लिथियम धातू पाण्याशी भडकून अभिक्रिया करतो. खाली वापरलेला ॲसिटोनायट्राइल विषारी आणि ज्वलनशील आहे. फ्यूम हूड (विषारी वाफा बाहेर ओढणारं कपाट), ग्लोव्ह बॉक्स (निष्क्रिय वायूने भरलेली हवाबंद पेटी) आणि शेजारी उभा असलेला अनुभवी माणूस, हे तिन्ही नसतील तर पहिल्या दोन टप्प्यांपुरतं वाचा आणि सेल जोडण्यासाठी ज्यांच्याकडे सोय आहे त्यांच्याकडे जा. अशी उपकरणं बुक करण्यासाठी केंद्र सरकारचं आय-स्टेम पोर्टल आहे. पुण्याचं सी-मेट आणि तमिळनाडूत कराईकुडीचं सेक्री या संस्थांत बॅटरीवर वर्षानुवर्षं काम चालू आहे.

आधी काय बनवायचं ते ठरवा

घन इलेक्ट्रोलाइटची मुख्य घराणी तीन.

पहिलं पॉलिमरचं. पॉलिइथिलीन ऑक्साइड, म्हणजे पीईओ, क्षारांसोबत आयन वाहून नेतो हे १९७३ मध्ये राइट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. तो बॅटरीत वापरता येईल ही कल्पना मिशेल आर्माँ यांनी त्याच दशकाच्या अखेरीस मांडली. पॅरिसमध्ये २०११ साली सुरू झालेल्या ऑटोलिब या भाड्याच्या विजेवरच्या गाड्यांत पॉलिमर इलेक्ट्रोलाइटच्याच बॅटऱ्या होत्या. त्या गरम ठेवाव्या लागत, हीच त्यांची मर्यादा.

दुसरं ऑक्साइड सिरॅमिकचं. यातलं सर्वांत आशादायक लिथियम लँथनम झिर्कोनेट, म्हणजे एलएलझेडओ. गार्नेट रचनेचं हे संयुग २००७ मध्ये मुरुगन, थंगदुराई आणि वेपनर यांनी प्रसिद्ध केलं. लिथियम धातूसमोर ते बऱ्यापैकी स्थिर राहतं आणि खोलीच्या तापमानाला त्याची वाहकता ०.१ ते १ मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटरच्या पट्ट्यात मिळते. एलएटीपी, म्हणजे लिथियम ॲल्युमिनियम टायटॅनियम फॉस्फेट, स्वस्त आहे, हवेतही टिकतं. पण लिथियम धातूला टेकलं की त्यातलं टायटॅनियम क्षपित होतं आणि थर काळा पडून खराब होतो.

तिसरं सल्फाइडचं. २०११ मध्ये कान्नो यांच्या गटाने जर्मेनियम असलेल्या सल्फाइडची वाहकता १२ मिलिसीमेन्स दाखवली, म्हणजे द्रवाच्या तोडीची. पण हवेतला ओलावा लागला की हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू सुटतो. श्रावणात आपल्याकडे हवा किती दमट होते ते आठवा. सल्फाइडच्या वाटेला नवख्या प्रयोगशाळेने जाऊ नये, हे माझं ठाम मत आहे.

मग राहतो तो हायब्रिड मार्ग. पीईओत लिथियम मीठ विरघळवायचं आणि त्यात गार्नेटची बारीक पूड मिसळायची. पॉलिमर लवचीकपणा देतो आणि इलेक्ट्रोडला चिकटून बसतो. सिरॅमिक त्याला कणखरपणा देतं, शिवाय पॉलिमरचं स्फटिकीभवन कमी करतं. हे दुसरं काम जास्त महत्त्वाचं, कारण लिथियम आयन पॉलिमरच्या अस्फटिकी, हलत्या साखळ्यांमधूनच सहज सरकतो. शुद्ध पीईओ साधारण ६५ अंशांना वितळतो, म्हणून त्याखाली त्याची वाहकता झपाट्याने घसरते.

घन पडद्यावर दोन-चार थेंब द्रव टाकलेल्या सेललाही ‘हायब्रिड’ म्हणतात. त्याला माझी हरकत नाही, पण किती मायक्रोलिटर टाकले ते लिहायलाच हवं. द्रव टाकून ‘घन बॅटरी’ असा मथळा देणं वाचकाची फसवणूक आहे.

टप्पा १: गार्नेटची पूड

तयार पूड विकत मिळते आणि पहिल्या वेळी तीच घ्यावी. स्वतः बनवायची तर टँटॅलम घातलेला प्रकार निवडा, कारण टँटॅलममुळे जास्त वाहक असा घनाकार स्फटिक स्थिर राहतो. टँटॅलम नसेल तर खोलीच्या तापमानाला चतुष्कोनी रूप तयार होतं आणि त्याची वाहकता शंभरपटीच्या आसपास कमी असते.

सूत्रात लिथियम ६.४, लँथनम ३, झिर्कोनियम १.४, टँटॅलम ०.६ आणि ऑक्सिजन १२. त्याचं रेणुभार साधारण ८८९. ०.०२ मोल, म्हणजे जवळपास १७.८ ग्रॅम पूड हवी असेल तर वजनं अशी:

लिथियम हायड्रॉक्साइड मोनोहायड्रेट ५.३७ ग्रॅम, अधिक १० टक्के जादा, म्हणजे ५.९१ ग्रॅम
लँथनम ऑक्साइड ९.७७ ग्रॅम
झिर्कोनियम ऑक्साइड ३.४५ ग्रॅम
टँटॅलम ऑक्साइड २.६५ ग्रॅम

भट्टीत लिथियम उडून जातं, त्याची भरपाई म्हणून तो १० टक्के जादा भाग. लँथनम ऑक्साइड हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड शोषतं, त्यामुळे वजन करण्याआधी ते ९०० अंशांना १२ तास भाजून घ्या. हे टाळलं तर बरणीतल्या पुडीचा काही भाग प्रत्यक्षात हायड्रॉक्साइड असतो, लँथनम कमी पडतं आणि एक्सआरडीत (स्फटिकरचना तपासणाऱ्या क्ष-किरण चाचणीत) अनोळखी शिखरं दिसतात. मग विद्यार्थी महिनाभर भट्टीला दोष देत बसतो.

चारही पुडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये, झिर्कोनियाच्या गोळ्यांसह, बॉल मिलमध्ये १२ तास दळा. अल्कोहोल उडवून पूड वाळवा आणि ॲल्युमिनाच्या क्रुसिबलमध्ये ९०० अंशांना १२ तास भाजा. ॲल्युमिनाच्या भांड्यातून थोडं ॲल्युमिनियम पुडीत उतरतं. इथे त्याने फारसं बिघडत नाही, पण ते नोंदवा.

वीज जाणं ही आपल्याकडची नेहमीची अडचण. भट्टीचा कंट्रोलर वीज परत आल्यावर कुठून सुरू होतो ते आधी रिकाम्या भट्टीवर पाहून ठेवा. काही कंट्रोलर शून्यापासून सुरू होतात, काही बंदच राहतात. भाजणी अर्धवट राहिलेली पूड फेकायची गरज नाही. पुन्हा दळून, पुन्हा भाजून एक्सआरडी घ्या. घनाकार रूपात शिखरं एकेरी आणि स्वच्छ असतात. चतुष्कोनी रूप मिसळलेलं असेल तर ती दुभंगलेली दिसतात.

भाजलेली पूड लगेच आर्गॉनमध्ये हलवा. उघड्यावर राहिली की गार्नेटच्या पृष्ठभागावर लिथियम कार्बोनेटचा थर चढतो आणि तो आयनांना अडवतो. जुन्या पुडीवर असा थर असेल तर आर्गॉनच्या प्रवाहात ७०० अंशांच्या आसपास काही तास तापवल्यावर तो बराचसा निघतो. विकत आणलेल्या पुडीचं पाकीट किती दिवसांपूर्वी फोडलं आहे, हा प्रश्न म्हणूनच फार मोलाचा आहे.

टप्पा २: फिल्म ओतणं

सगळ्या कामाचं यश इथे ठरतं, म्हणून इथे जरा थांबू.

पीईओ सहा लाख रेणुभाराचा घ्या. मीठ लिथियम टीएफएसआय, म्हणजे लिथियम बिस(ट्रायफ्लुओरोमिथेनसल्फोनिल)इमाइड. पॉलिमरमधल्या दर १८ ऑक्सिजनमागे १ लिथियम हे प्रमाण सुरुवातीला चांगलं. हिशेब सोपा आहे: पीईओच्या एका घटकाचं वजन ४४, म्हणून १ ग्रॅम पीईओत २२.७ मिलिमोल ऑक्सिजन. त्याला १८ ने भागलं की १.२६ मिलिमोल लिथियम. टीएफएसआय मिठाचा रेणुभार २८७, म्हणजे ०.३६ ग्रॅम मीठ. एकूण घन पदार्थाच्या १० टक्के गार्नेट हवं तर ०.१५ ग्रॅम पूड.

पीईओ ५० अंशांना आणि मीठ १०० ते १२० अंशांना, दोन्ही निर्वात ओव्हनमध्ये, किमान रात्रभर कोरडं करा. टीएफएसआय मीठ इतकं ओलावाखेचू आहे की पावसाळ्यात उघड्या तराजूवर वजन करताना आकडा डोळ्यांदेखत वाढत जातो. वजन शक्य तितकं ग्लोव्ह बॉक्समध्येच करा.

निर्जल ॲसिटोनायट्राइल ३० मिलि घ्या. आधी त्यात गार्नेटची पूड टाकून अर्धा तास अल्ट्रासॉनिक बाथमध्ये ठेवा, म्हणजे गुठळ्या सुटतील. मग मीठ आणि शेवटी पीईओ, थोडा-थोडा करून, चुंबकीय ढवळणी चालू असताना. सगळा पीईओ एकदम ओतला तर त्याचा चिकट गोळा होतो आणि आतला भाग दोन दिवसही विरघळत नाही. १२ ते २४ तास ढवळल्यावर मधासारखं दाट, दुधाळ द्रावण मिळायला हवं. ढवळणी थांबवून थोडा वेळ ठेवा, बुडबुडे वर येऊ द्या. फार वेळ नको, नाहीतर पूड तळाला बसते.

हे द्रावण १२ सेंटिमीटर व्यासाच्या टेफ्लॉन डिशमध्ये ओता. एवढ्या क्षेत्रफळावर एवढा माल साधारण १०० मायक्रॉन जाडीची फिल्म देतो. डिश सपाट आहे की नाही ते गवंड्याच्या लेव्हलनेच बघा. एका बाजूला कलली तर जाडी ७० पासून १३० मायक्रॉनपर्यंत बदलते आणि पुढचे सगळे आकडे निरर्थक होतात.

वाळवताना घाई नको. उन्हाळ्यात प्रयोगशाळा ३८-४० अंशांवर असेल आणि हूडचा पंखा पूर्ण वेगात चालू असेल, तर फिल्म कडक उन्हात टाकलेल्या बिबड्यासारखी वरून आधी सुकते, कडा उचलते आणि आत अडकलेला द्रावक फुगे करून बाहेर पडतो. डिशवर छिद्रं पाडलेलं झाकण ठेवा आणि पहिले २४ तास सावकाश वाळू द्या. त्यानंतर निर्वात ओव्हन, ६० अंश, आणखी ४८ तास. इथेही वीज जाण्याचा धोका आहे. तेलाचा निर्वात पंप अचानक थांबला तर ओव्हनमधला निर्वात पंपातलं तेल मागे ओढतो आणि तेलाची वाफ फिल्मवर बसते. पंप आणि ओव्हनमध्ये वीज जाताच आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह बसवून घ्या. तो महाग नाही.

वाळलेली फिल्म दोन टेफ्लॉन पत्र्यांमध्ये ठेवून ८० अंशांना हलक्या दाबाखाली दाबली की जाडी एकसारखी होते आणि सूक्ष्म छिद्रं बुजतात. मायक्रोमीटरने निदान पाच ठिकाणी जाडी मोजा.

द्रावक गेला की नाही हे डोळ्यांना कळत नाही. एफटीआयआरमध्ये (इन्फ्रारेड वर्णपट चाचणीत) २२५० प्रति सेंटिमीटरच्या जवळ ॲसिटोनायट्राइलचं शिखर दिसतं का ते पाहा. टीजीएमध्ये (तापवत तापवत वजन मोजणाऱ्या चाचणीत) १५० अंशांपर्यंत वजन घटत असेल तर आत पाणी किंवा द्रावक आहे. खोलीच्या तापमानाला फार उत्तम वाहकता मिळाली म्हणून आनंदित होण्याआधी ही तपासणी करा, कारण उरलेला द्रावक आयनांना छान वाहून नेतो आणि पुढे लिथियमशी अभिक्रिया करून सेल मारतो. पीईओऐवजी पीव्हीडीएफ (पॉलिव्हिनायलिडीन फ्लुओराइड) जातीचा पॉलिमर आणि डीएमएफ (डायमिथाइलफॉर्मामाइड) द्रावक वापरणाऱ्यांनी तर हे जास्तच जपावं. तिथे डीएमएफ पूर्ण निघतच नाही, आणि गार्नेटच्या अल्कधर्मी पृष्ठभागामुळे पीव्हीडीएफमधून हायड्रोजन फ्लुओराइड सुटून द्रावण तपकिरी पडतं.

गार्नेट १० टक्क्यांवरून वाढवलं तर काय? २०-३० टक्क्यांपर्यंत फिल्म हाताळता येते. त्याच्या बरंच पुढे गेलं की ती ठिसूळ होते आणि आयन पॉलिमरमधून जाणार की सिरॅमिकच्या कणांमधून, हे गणितच बदलतं. कणांच्या सांध्यांवरचा रोध मोठा असल्यामुळे जास्त सिरॅमिक म्हणजे जास्त वाहकता असं होत नाही. ५, १०, २० आणि ४० टक्के अशा चार फिल्म बनवून स्वतः पाहा. एम.एस्सी.च्या प्रकल्पाला एवढं काम पुरेसं आहे.

टप्पा ३: वाहकता, आणि ती कोणत्या तापमानाला

फिल्मची १९ मिलिमीटर व्यासाची चकती कापा आणि १६ मिलिमीटरच्या दोन स्टेनलेस स्टीलच्या चकत्यांमध्ये ठेवून कॉइन सेलमध्ये बंद करा. इम्पीडन्स यंत्रावर, म्हणजे वेगवेगळ्या वारंवारतेला रोध मोजणाऱ्या यंत्रावर, १० मिलिव्होल्ट, १ मेगाहर्ट्झपासून ०.१ हर्ट्झपर्यंत मोजा. कमी तापमानाला अर्धवर्तुळ आणि त्यानंतर तिरकी रेष दिसेल. ६० अंशांना बहुधा फक्त रेष. अर्धवर्तुळ जिथे संपतं किंवा रेष जिथे आडव्या अक्षाला छेदते, तो रोध. वायरींचा रोध आधी वेगळा मोजून वजा करा.

वाहकता म्हणजे जाडी भागिले (रोध गुणिले क्षेत्रफळ). जाडी १०० मायक्रॉन म्हणजे ०.०१ सेमी, क्षेत्रफळ २.०१ चौरस सेमी आणि रोध ५० ओहम आला, तर वाहकता साधारण १०० मायक्रोसीमेन्स प्रति सेमी. पीईओ-गार्नेट फिल्मसाठी ६० अंशांना १०० ते ५०० मायक्रोसीमेन्स हा विश्वासार्ह पट्टा आहे. २५ अंशांना ती १० ते १०० मायक्रोसीमेन्सवर उतरते, साधा पीईओ असेल तर आणखी खाली.

आता माझा आग्रह. शोधनिबंधात ‘रूम टेम्परेचर’ लिहून मोकळं होऊ नका. जळगावात जानेवारीच्या सकाळी खोली १५ अंशांवर असते आणि मेच्या दुपारी ४० वर; या दोन दिवशी मोजलेल्या एकाच फिल्मचे आकडे कित्येक पटींनी वेगळे येतात. सेल ओव्हनमध्ये ठेवा, प्रत्येक तापमानाला किमान एक तास स्थिर होऊ द्या आणि २५, ३५, ४५, ५५, ६०, ७० असं मोजत जा. चढताना आणि उतरताना, दोन्ही वेळा. पीईओ एकदा वितळला की परत स्फटिक व्हायला वेळ घेतो, म्हणून उतरतानाचे आकडे सुरुवातीला जास्त दिसतात.

यातला ४५ अंशांचा आकडा ठळक लिहा. जगभरच्या निबंधांत २५ आणि ६० सापडतात, मधला आकडा क्वचितच. पण खान्देशात, विदर्भात, राजस्थानात बॅटरी वर्षातले कित्येक महिने ज्या तापमानाला जगते, ते हेच.

वाहकतेतला किती वाटा लिथियमचा, हेही शोधायला हवं, कारण मिठाचा ऋण आयनही पळत असतो. फिल्म दोन लिथियम चकत्यांमध्ये ठेवून १० मिलिव्होल्ट लावा आणि विद्युतधारा स्थिर होईपर्यंत थांबा. आधीची आणि नंतरची धारा, आणि दोन्ही वेळचा आंतरपृष्ठाचा (फिल्म आणि लिथियम जिथे टेकतात तिथला) रोध, एवढ्यावरून ब्रूस-व्हिन्सेंट पद्धतीने वाटा निघतो. उदाहरणार्थ, सुरुवातीची धारा ४० मायक्रोॲम्पिअर आणि रोध १५० ओहम, शेवटी १५ मायक्रोॲम्पिअर आणि १५५ ओहम. धारा गुणिले रोध, मिलिव्होल्टमध्ये, आधी ६ आणि नंतर २.३. म्हणून १५ गुणिले (१० वजा ६) भागिले [४० गुणिले (१० वजा २.३)], उत्तर ०.२ च्या जवळ. पीईओसाठी हा नेहमीचा आकडा आहे. गार्नेट घातल्यावर तो थोडा वाढायला हवा. ०.९ आला तर खूश होण्याआधी मोजमाप परत करा.

टप्पा ४: कॅथोड

पीईओ ४ व्होल्टच्या आसपास ऑक्सिडीकरणाला बळी पडतो. म्हणून एनएमसीसारखा (निकेल-मँगनीज-कोबाल्ट ऑक्साइड) ४.२-४.३ व्होल्टपर्यंत जाणारा कॅथोड, म्हणजे धन इलेक्ट्रोड, त्याच्यासोबत जोडू नका. लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी, ३.४ व्होल्टच्या सपाट रेषेवर चालतो. तो पीईओला त्रास देत नाही, आणि गरम हवामानातही टिकाऊ आहे.

द्रव सेलमधला कॅथोड जसाच्या तसा इथे वापरू नका, हा या टप्प्याचा गाभा आहे. द्रव स्वतःहून कॅथोडच्या छिद्रांत झिरपतो, घन फिल्म झिरपत नाही. कॅथोडच्या आत आयनांसाठी वाट आपणच ठेवावी लागते. म्हणून मिश्रण असं: एलएफपी ६० टक्के, वाहक कार्बन १०, आणि उरलेले ३० टक्के पीईओ आणि टीएफएसआय मीठ, फिल्ममधल्याच प्रमाणात. हेच चिकटवणारं आणि हेच आयन नेणारं.

ॲसिटोनायट्राइलमध्ये लगदा करून ॲल्युमिनियम फॉइलवर डॉक्टर ब्लेडने (ठरावीक जाडीचा थर पसरवणाऱ्या पट्टीने) ओढा, हूडमध्ये वाळवा, मग ६० ते ८० अंशांना निर्वातात १२ तास. १२ मिलिमीटरच्या चकत्या कापा, प्रत्येकीचं वजन करा आणि कोऱ्या फॉइलच्या चकतीचं वजन वजा करा. दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम एलएफपी असेल तर १.१३ चौरस सेमीच्या चकतीत २.२६ मिलिग्रॅम. एलएफपीची सैद्धांतिक धारिता १७० मिलिॲम्पिअर-तास प्रति ग्रॅम, म्हणजे सेलची धारिता ०.३८ मिलिॲम्पिअर-तास. दहा तासांत चार्ज करायचा तर धारा ३८ मायक्रोॲम्पिअर. पहिल्यांदा लोडिंग यापेक्षा जास्त ठेवू नका.

टप्पा ५: सेल जोडणं

ग्लोव्ह बॉक्समध्ये आर्गॉन हवा, नायट्रोजन चालत नाही. लिथियम नायट्रोजनशीही अभिक्रिया करतो. पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही १ पीपीएमच्या खाली, शक्य असेल तर ०.१ च्या. आत जाणारी प्रत्येक वस्तू, टिश्यू पेपरसुद्धा, ओव्हनमध्ये वाळवून आणि अँटेचेंबर (ग्लोव्ह बॉक्सचा प्रवेशकप्पा) तीन वेळा रिकामा-भरून मगच न्या. जुलै-ऑगस्टमध्ये कागद आणि हातमोज्यांसोबत किती पाणी आत जातं, हे मीटरवर दिसतंच.

सीआर २०३२ सेलचा क्रम: तळाची वाटी, तीत कॅथोड फॉइलची बाजू खाली करून, त्यावर १९ मिलिमीटरची फिल्म, त्यावर साधारण १४ मिलिमीटरची लिथियम चकती, मग स्टीलचा स्पेसर, स्प्रिंग आणि वरचं झाकण. लिथियमचा पृष्ठभाग चकचकीत चंदेरी असावा. काळपट असेल तर प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून घ्या. फिल्म दोन्ही इलेक्ट्रोडांपेक्षा मोठी आणि बरोबर मध्यभागी असेल याची खात्री करा. ती सरकून इलेक्ट्रोडची कड उघडी पडली तर सेल शॉर्ट होतो.

बंद केलेले सेल ६० अंशांच्या ओव्हनमध्ये १२ ते २४ तास ठेवा. याने पॉलिमर मऊ होऊन लिथियम आणि कॅथोडला घट्ट चिकटतो. ही पायरी गाळलेल्या सेलचा आंतरपृष्ठ रोध कित्येक पट जास्त येतो. व्होल्टेज ३ च्या आसपास दिसलं पाहिजे. शून्याजवळ असेल तर सेल शॉर्ट आहे, तो यंत्रावर लावू नका.

लिथियम पेटला तर पाणी नको, कार्बन डायऑक्साइडचा सिलेंडरही नको. वर्ग ‘डी’चा अग्निशामक किंवा कोरडी वाळूची बादली हाताशी ठेवा, आणि ती वाळू पावसाळ्यात खरोखर कोरडी आहे ना ते अधूनमधून बघा.

टप्पा ६: सेलला बोलू द्या

पूर्ण सेलच्या आधी लिथियम-फिल्म-लिथियम असा सममित सेल ६० अंशांना ०.१ मिलिॲम्पिअर प्रति चौरस सेमीवर चालवा, एक तास एका दिशेने, एक तास उलट. व्होल्टेजच्या रेषा सपाट आणि सारख्या राहिल्या तर फिल्म टिकते आहे. व्होल्टेज अचानक खाली कोसळलं तर लिथियमची सुई आरपार गेली. व्होल्टेज हळूहळू कमी होत गेलं तर बरेच जण ‘आंतरपृष्ठ सुधारतोय’ असं लिहितात. बऱ्याचदा ती शॉर्टची सुरुवात असते. इम्पीडन्स घेतलं की खरं काय ते कळतं.

सिरॅमिक कडक आहे म्हणजे लिथियमची सुई अडेलच, असंही समजू नका. गार्नेटचा कडकपणा लिथियमच्या कित्येक पट असूनही शुद्ध गार्नेटच्या गोळीतून, कणांच्या सांध्यांमधून आणि भेगांमधून, लिथियम आरपार जातं. ६० अंशांना पीईओ मऊही असतो. उष्णतेने वाहकता मिळते, पण कणखरपणा जातो. या दोन्हींचा मेळ घालणं हेच हायब्रिड फिल्मचं खरं काम आहे. ४५ अंशांना, वितळणबिंदूच्या खाली, हा मेळ कसा बसतो हे आपणच शोधायला हवं.

पूर्ण सेल २.५ ते ३.८ व्होल्टच्या दरम्यान चालवा. पहिली दोन आवर्तनं (चार्ज-डिस्चार्जचे फेरे) वीस तासांच्या दराने, मग दहा तासांच्या. ६० अंशांना १४० ते १६० मिलिॲम्पिअर-तास प्रति ग्रॅम मिळाले तर सेल चांगला बनला आहे. चार्ज होताना व्होल्टेज ३.५ वर अडकून राहतं, ३.८ गाठतच नाही आणि धारिता १७० च्या पुढे सरकत जाते? ती जादुई धारिता नव्हे, आतला मंद शॉर्ट आहे.

एकाच फिल्मचे निदान पाच सेल बनवा आणि पाचही सेलचे आकडे द्या. चांगला निघाला तो एक दाखवून बाकीचे चार लपवणं हा या क्षेत्राचा जुना रोग आहे. तुलनेसाठी त्याच एलएफपीचे, पीव्हीडीएफ बाइंडर आणि बाजारू द्रव इलेक्ट्रोलाइट वापरलेले दोन सेलही सोबत बनवा. सगळे एकाच ओव्हनमध्ये, एकाच तापमानाला ठेवा. २५ अंशांना द्रव सेल जिंकेल, ते ठरलेलंच आहे. ४५ आणि ६० अंशांना पन्नास आवर्तनांनंतर कोण किती उरला, हे बघण्यासाठी ही सगळी मेहनत.

शिवाय एक सेल चार्ज करून ६० अंशांना आठवडाभर नुसता ठेवा आणि मग किती धारिता परत मिळते ते मोजा. सौर पंपाची बॅटरी काम कमी आणि उन्हात बसून राहणं जास्त करते. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ पासून उभा आहे. शेतांवरही पॅनेल वाढत आहेत. दिवसाची वीज रात्रीसाठी साठवायची तर पेटीत, उन्हात, महिनोन्‌महिने बसून राहणारी बॅटरी लागणार. ‘चार्ज करून ठेवलेल्या’ सेलचा हा आकडा निबंधांत फार कमी दिसतो, तुमच्यात असू द्या.

मेलेले सेल कचऱ्यात टाकू नका. पूर्ण डिस्चार्ज करून ग्लोव्ह बॉक्समध्येच उघडा. फिल्म कुठे काळी पडली, लिथियम कुठे चूर झाला, गार्नेट फिल्मच्या एका बाजूला जमा झालं होतं का, हे पाहा आणि फोटो घ्या. ओतताना पूड तळाला बसली असेल तर फिल्मची एक बाजू सिरॅमिकने भरलेली आणि दुसरी जवळजवळ कोरी असते. लिथियमकडे कोणती बाजू होती यावर सेलचं आयुष्य बदलतं. म्हणून पुढच्या खेपेला फिल्म डिशमधून काढतानाच तिच्या तळाच्या बाजूला कोपऱ्यात खूण करा, आणि अर्धे सेल एका बाजूने, अर्धे दुसऱ्या बाजूने जोडा. लिथियमचे उरलेले तुकडे हूडमध्ये, भरपूर कोरड्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये, एका वेळी एक छोटा तुकडा टाकून संपवा. बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत दुसरा टाकू नका आणि त्या वेळी आसपास कुठलीही ज्योत किंवा चालू हीटर नसावा.